वाटीची दोरी

लातूर,
१९ एप्रिल १९८७

प्रिय सागर,

तुझं कार्ड येऊन आज अठरा दिवस झाले. होस्टेलच्या खिडकीत ते उभं करून ठेवलं आहे. तुझं अक्षर अजून चौथीतल्या पोरीचंच आहे. ओळ उतरत उतरत कोपऱ्यात जाते आणि शेवटचे दोन शब्द पत्त्याच्या बाजूला चढतात. तू दोनच गोष्टी विचारल्या आहेस. तुझी केवळाआजी आता अंथरुणातून उठत नाही, एकदा येऊन जा म्हणून तिनं निरोप धाडला आहे, तर जाऊ का नको? आणि दुसरी, 'तू मेलेल्या माणसांचंच शिकून राहिलीस म्हणतात. तर मला एवढं सांग, माझी आई आजीच्या बोलण्यानंच आडात गेली ना? तसं असंल तर मी जाणार न्हाई. चौदा वर्षं तिचं तोंड बघितलं न्हाई, आता कशाला बघू.'

या अठरा दिवसांत मी तुला चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. एकात नुसतं 'जा' एवढंच होतं, का जा ते नव्हतं. दुसऱ्यात तीन पानं पुस्तकातली भाषा होती. तुला त्यातलं काही कळलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. तेव्हा हे पाचवं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. दाराला कडी लावली की नाही ते बघायला मी अजूनही अर्ध्या रस्त्यातून परत येते. म्हणून सगळं क्रमानं सांगते. मध्येच पत्र खाली ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आधी माझी खुशाली. मी एल.एल.एम.च्या पहिल्या वर्षाला आहे. विषय फौजदारी कायदा, आणि त्याच्या जोडीला न्यायवैद्यक, म्हणजे मरण कशानं आलं, जखम कशाची, डाग कशाचा, हे कोर्टाला कसं समजावून द्यायचं ते. आबा गावात सांगतात, 'पोरगी वकिलाच्या बी पुढचं शिकून राहिली.' कुणी विचारलं, वकिलाच्या पुढं काय असतंय, तर म्हणतात, 'ते तिलाच विचारा, मला अंगठ्याच्या पुढचं काय ठाव.' वर्गात आम्ही नऊ जण, त्यात मुलगी मी एकटी. पहिल्यांदा शवागारात नेलं तेव्हा दोन मुलं बाहेर येऊन ओकली. मी ओकले नाही म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. मेलेलं माणूस मी दहाव्या वर्षीच जवळून पाहिलं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

लातूर जिल्हा होऊन आता पाच वर्षं होतील. कलेक्टर आले, नव्या पाट्या आल्या, तरी जुनी माणसं 'जिल्ह्याला जाऊन येतो' म्हणत उस्मानाबादच्या एस.टी.त चढतात. डाळमिलांकडून वारा आला की हरभऱ्याच्या टरफलांची धूळ दोरीवरच्या कपड्यांवर बसते. यंदाही पावसानं दगा दिला. होस्टेलला एक दिवसाआड टँकर येतो. मोठमोठी पुस्तकं वाचणाऱ्या पोरी बादलीसाठी एकमेकींच्या वेण्या धरतात. मी रांगेत उभी राहते आणि मला आपली गल्ली दिसते, आड दिसतो, आणि काठावर पदर खोचून बसलेली साखरमावशी दिसते. तुझी आई. तिला मी मावशी म्हणत होते, पण आईपेक्षा तिच्याकडेच जास्त होते, हे तुलाही ठाऊक आहे. त्यावरून तू मला चिमटे काढायचीस.

बहात्तर सालच्या दुष्काळातलं तुला काय काय आठवतं? मला मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी आठवते, थापताना तुटायची आणि मावशी तिला 'अमेरिकेची म्हातारी' म्हणायची, कारण ती उठता बसता मोडते. शाळेत मिळणारी सुकडी आठवते. आपण ती फ्रॉकच्या ओच्यात बांधून आणायचो आणि देवळामागं बसून चिमूट चिमूट खायचो. मोठी माणसं सगळी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. संध्याकाळी परत आली की चेहरे पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखे, आणि कुणाचा कोण ते आवाजावरून ओळखायचं. वाईट दिवस होते म्हणतात. आपल्याला ते वाईट आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि मला तर तेव्हा गावात एक काम होतं, जे दुसऱ्या कुणालाच जमत नव्हतं.

आपला गल्लीचा आड अरुंद, चार पुरुष खोल. तळाशी जेमतेम चार बोटं पाणी झिरपायचं. तेवढ्यात घागर बुडायची नाही. म्हणून हलकं पोर दोरीनं खाली सोडायचं, त्यानं वाटीनं पाणी घागरीत भरायचं, आणि वरच्यांनी घागर ओढून घ्यायची. गल्लीत सगळ्यात हलकी मी. तू गुटगुटीत, तुझ्या दोरीला तिघं लागली असती, म्हणून तुझा नंबर लागला नाही आणि तू आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस. रोज दिवस उगवायच्या आत आबा मला खाली सोडायचे. वाटी गाळात हरवू नये म्हणून तिच्या काठाला भोक पाडून त्यांनी सुताची दोरी ओवली होती. ती उजव्या मनगटाला बांधायची. गाठ मी स्वतःच मारायची, दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. दुसऱ्या कुणी मारलेल्या गाठीवर माझा भरवसा नव्हता. तेव्हापासूनच मी अशी.

खाली अंधार आणि वर ताटाएवढं आभाळ. मला भीती वाटू नये म्हणून मावशी काठावर बसून माझ्याकडून पाढे म्हणून घ्यायची. तिला अक्षर येत नव्हतं, आकडा येत नव्हता, पण पाढ्याची चाल तिच्या कानात पक्की बसली होती. चाल अडखळली की वरून आवाज यायचा, 'चुकलीस गं पद्मे, मागं ये.' एकोणतिसाचा पाढा मी त्या आडात पाठ केला. कोर्टात पहिल्यांदा उभी राहीन तेव्हा मनात तोच म्हणायचा, असं मी मनाशी ठरवून ठेवलं आहे.

मग तहसिलीतून हुकूम आला. कुठल्याशा गावात एक पोर दोरी सुटून मेलं होतं, तेव्हा यापुढं कुणी माणूस किंवा मूल विहिरीत उतरवायचं नाही. आबा गावचे कोतवाल. हुकुमाची दवंडी त्यांनीच पिटली, गल्लीबोळांतून डफ वाजवत. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच मला आडात सोडलं, दुसरं करणार काय होते? मावशी काठावर हसून हसून लोळायची राहिली. 'कोतवाल, सांजच्याला दवंडी अन् सकाळच्याला दोरी?' आबा म्हणाले, 'दवंडी सरकारची हाय, तहान घरची हाय. गप धर दोरी.' तेव्हा सगळेच हसले. त्या दवंडीचं वजन पुढं कळलं.

आता तो रविवार. माझी चौथीच्या स्कॉलरशिपची परीक्षा कंधारला होती. शाळेतून मी एकटीच बसणार होते. माझ्या घरात माझ्याआधी कुणी पाटी धरली नव्हती, त्यामुळं परीक्षा म्हणजे लग्नाएवढी गडबड. आदल्या दिवशी संध्याकाळी मावशीनं माझा फ्रॉक धुतला. तुमच्या वाटणीच्या पाण्यातली अर्धी घागर त्यात गेली. केवळाआजीनं ते पाहिलं आणि दारात उभी राहून ओरडली, 'लोकाच्या लेकीच्या झग्याला पाणी हाय, अन् सकाळच्या भाकरीला न्हाई? जा, उतर आडात, अन् आण तेवढं पाणी भरून.' मावशी पिळा मारता मारता म्हणाली, 'आणते की. त्यात काय मोठं.' मी तिथंच होते. दोघींपैकी कुणाच्याही आवाजात मरणाबिरणाचं काही नव्हतं. पण ते बोलणं अख्ख्या गल्लीनं ऐकलं होतं.

सकाळी आबा मला घेऊन कंधारला निघाले. म्हणजे त्या दिवशी आडात उतरणारी मी नव्हते आणि दोरी धरणारे आबाही नव्हते. मावशी म्हणाली, 'तू जा. आजचं पाणी मी बघते.' आणि तिनं हात पुढं केला. तिच्या उजव्या मनगटाला ती वाटी मी बांधली, सागर. माझ्या हातानं. दोन वेढे आणि टोक आत. ती म्हणाली, 'केवढी आवळलीस. माझा हात काय पळून जातोय?' ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

हे मी तुला कधीच सांगितलं नाही. चौदा वर्षांत आपली सात की आठ वेळा भेट झाली. तुझ्या लग्नात मी तीन दिवस हिमायतनगरला राहिले, तुला हळद लावली, आणि तरी नाही.

आम्ही दिवस कलल्यावर परतलो तेव्हा आडाभोवती माणसं होती. खडीवरून आलेल्या बायकांनी वाकून पाहिलं तेव्हा ती त्यांना दिसली होती. आडातून मुडदा काढणं हे कोतवालाचं काम. आबांनी पटका सोडून ठेवला आणि भिंतीतल्या खोबण्यांत पाय देत एकटे खाली उतरले. तिला दोरी बांधली आणि वर घेतलं. तोवर पोलीस जमादार आले. शेजारच्या खडी केंद्रावरच बंदोबस्ताला होते. ते निजामाच्या अमलात भरती झालेले, शिक्षण उर्दूत. मराठी बोलायचे झकास, लिहिता येत नव्हतं, म्हणून पंचनामा नेहमी मास्तर लिहून द्यायचे. मास्तर तर परीक्षेच्या कामाला कंधारला राहिलेले. जमादार आबांना नावानं हाक मारून म्हणाले, 'श्रीमंत, हमारा लिखना सब उर्दू का. साहब लोगां को अब मराठी होना. तुझी पोरगी आज परीक्षा देऊन आली ना? मग तीच लिहील.'

मी पालथ्या घागरीवर कागद ठेवून लिहायला बसले. अंगावर तोच धुतलेला फ्रॉक. जमादार सांगत गेले, मी लिहीत गेले. अंगावर हिरवं लुगडं, चोळी, हातात काचेच्या बांगड्या, डोक्याला मागच्या बाजूस जखम. मी मनगटाकडं पाहिलं. तिथं दोरीचा वळ होता, वाटी नव्हती. मी आबांकडं पाहिलं. आबांनी तोंड फिरवलं. जमादारांनी विचारलं, 'अंगावर आणखी काही?' आबा म्हणाले, 'न्हाई.' मी लिहिलं, 'आणखी काही नाही.' मग त्यांनी बायकांना विचारलं, कालचं भांडण निघालं, आणि त्यांनी डोळे मिटून, पाठ असल्यासारखं सांगितलं, 'सासूशी पाण्यावरून तंटा होऊन रागाच्या भरात आडात उडी घेऊन जीव दिला.' तेही मीच लिहिलं. पोलीस पाटील किशनरावांनी सही केली. बाकीच्या पंचांनी आणि आबांनी अंगठे उठवले. वाचून दाखव असं कुणी म्हणालं नाही. जमादारांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, 'अच्छा लिखती.' मला त्या वेळी बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला आमच्या घरात, ज्वारीच्या रिकाम्या कणगीत, ती वाटी सापडली. दोरी कापलेली, गाठ तशीच. मी ती उचलली आणि माझ्या पेटीत तळाशी ठेवली. आबांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. तुझे वडील कामाला म्हणून परमुलखात गेलेले, त्यांचा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता; आठ दिवसांत तुझा मामा आला आणि तुला घेऊन गेला. 'सुनेला खाणाऱ्या म्हातारीजवळ माझी भाची ठेवणार न्हाई,' असं तो चावडीवर सांगून गेला. तुझी शाळा चौथीतच सुटली. मला स्कॉलरशिप मिळाली. मी पुढं कंधारला शिकले, नांदेडला शिकले, आता इथं शिकते. प्रत्येक वेळी निकाल लागला की मला तुझी आठवण यायची, आणि सगळ्यांना ते प्रेम वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात आम्हा विद्यार्थ्यांना कोर्टात जुने बस्ते लावायच्या कामाला घेतलं. जिल्हा वेगळा झाला तेव्हा उस्मानाबादहून पोत्यांत भरून आलेले कागद. सराव म्हणून सरांनी विहिरीतल्या मरणांचे पंचनामे वेगळे काढायला सांगितले. मी चाळीस एक काढले. निरनिराळी गावं, निरनिराळी अक्षरं, निरनिराळी सालं, आणि वाक्य एकच. सासूशी तंटा होऊन, नवऱ्याशी तंटा होऊन, रागाच्या भरात. सगळ्या बाया एकाच वाक्यानं मेल्या होत्या. त्या वाक्यावर माझं बोट थांबलं ते उचलेना. मग मला कळलं की जमादार त्या दिवशी काही विचार करून बोलत नव्हते. त्यांना ते वाक्य जसं पोचलं तसं त्यांनी पुढं दिलं, आणि माझ्या हातून ते तुमच्या घरात आलं.

आमचे विरूपाक्ष सर न्यायवैद्यक शिकवतात. उदगीरचे, बोलताना मधूनच कानडी येतं, मला 'तंगी' म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. दिवाळीनंतर एकदा दोरीच्या पुराव्यावर शिकवताना म्हणाले, 'गाठ कधी सोडू नका. कापायचं तर गाठीपासून लांब कापा. दोरी बाजारात कुठंबी मिळते, गाठ ज्याची त्याची असते.' मी होस्टेलवर येऊन पेटी उघडली. आबांना यातलं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं, पण त्यांनी दोरी बरोबर गाठीपासून लांब कापली होती. तरी मी गप्प राहिले, सागर. तुझं कार्ड आलं नसतं तर अजूनही राहिले असते.

तुझं कार्ड आल्यावर मी सरांना नाव गाव न सांगता विचारलं. ते हसले. 'चार बोटं पाण्यात जीव द्यायला कोण उतरतंय, तंगी? घागर होती का? घागरीत काय होतं ते बघ आधी.' म्हणून गेल्या रविवारी मी गावी गेले. किशनराव पाटलांच्या पत्र्याच्या पेटीत त्या पंचनाम्याची दुसरी प्रत निघाली, तीही माझ्याच अक्षरात. काना मात्रा सगळं नीट. आणि त्यात एकाखाली एक दोन ओळी आहेत. 'आडात पाणी चार बोटं.' 'घागर एक, तांब्याची, अर्धी भरलेली, उभी.' एवढ्या कमी पाण्यात घागर आपोआप भरत नाही. ती वाटी वाटीनंच भरावी लागते. म्हणजे तुझी आई खाली जिवंत उतरली, खोबण्यांत पाय देत, आणि बसून पाणी भरत होती. वरून ओढायला कुणी नव्हतं. अर्धीच घागर तिला एकटीला ओढता आली असती, म्हणून अर्धीच भरली आणि ओढायला वर चढू लागली. तिथं पाय निसटला असणार. जखम मागच्या बाजूला होती ती त्यामुळं. अगदी पायच निसटला की भोवळ आली, हे मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. पण ती पाणी आणायला गेली होती आणि परत येत होती, एवढं मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन. उत्तर चौदा वर्षं त्या कागदावरच होतं. ते कुणी वाचलं नव्हतं, आणि लिहिणारीनं तर नाहीच.

आणि एक पुरावा तुझ्याजवळ आहे. तो तूच मला दिला होतास, मामाकडं जायच्या आदल्या दिवशी, देवळामागं बसून. तू म्हणालीस, 'आई रुसून तशीच कामाला गेली असं मला वाटलं, म्हणून मी दुपारपर्यंत हाक बी मारली न्हाई. परातीत पीठ होतं, मधी आळं केलेलं.' आठवतं? पिठात आळं कोण करून ठेवतं, सागर? जिला आता येऊन त्यात पाणी ओतायचं असतं ती.

त्याच दिवशी मी आबांना विचारलं. ते अंगणात बाजेवर बसले होते. 'आबा, वाटी तुम्ही काढली ना?' ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागले. मग म्हणाले, 'हाव. खाली ती अन् मी, दोघंच होतो. वरून लोक वाकून बघून राहिले. मी पाठ केली अन् विळ्यानं दोरी कापली. दवंडी मीच दिल्ती. वाटी दिसली असती तर रोज कोण उतरतंय, कोण उतरवतंय, सगळं निघालं असतं. कोतवाली गेली असती. कोतवाली गेली असती तर तुझी शाळा गेली असती. मला तेवढंच दिसलं, माय. म्हातारीवर जाईल हे न्हाई दिसलं. दिसलं तवा उशीर झाल्ता.' आबांना दोष दे, तुला हक्क आहे. पण माझं शिक्षण ज्यावर उभं आहे ते हे आहे, आणि ते मी आता दुसऱ्या कुणाच्या नावावर ढकलू शकत नाही. मी 'सागरला लिहू का' असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, 'लिही. मला लिहिता आलं असतं तर मी कधीच लिहिलं असतं, असं म्हणतो खरा. पण तसं बी न्हाई. भ्यालो होतो.'

तिथून उठून मी केवळाआजीकडं गेले. ती आता मुठीएवढी झाली आहे. गल्लीतल्या बाया सांगतात, नळ आले तरी रोज पहिला तांब्या ती त्या आडाच्या काठावर ओतायची, उठवत होतं तोवर. कुणाशी बोलणं नाही, कुणाच्या लग्नाकार्याला जाणं नाही. मी तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं, घागर, वाटी, गाठ, माझं अक्षर, आबांचा विळा. तिनं वाटी हातात घेतली, गाठीवरून बोट फिरवलं, आणि म्हणाली, 'तू शिकलेली. तुला कागदातलं कळत असंल. पण जा आडात म्हणून मीच बोलले की गं. चौदा वर्षं सगळं गाव म्हणतंय, मी बी म्हणते. आता तू येऊन न्हाई म्हणलीस तर मी कशी मानू? माझी सागरी येऊन म्हणली तर खरं धरीन. तिचीच आई गेली. तिलाच म्हणायचा हक हाय.' सागर, म्हणून हे पत्र. तू 'जाऊ का नको' विचारलंस, तर जा, आणि लवकर जा, पत्र संपताच पिशवी भर. मला माफ कर असं मी लिहीत नाही, ते आता मागायचं नाही हे मला समजतं. तू माझ्याशी पुन्हा बोलली नाहीस तरी चालेल. पण तिच्याजवळ बस, हे तिला वाचून दाखव, आणि पिठातलं आळं तू स्वतः पाहिलं होतंस तेवढं तिला तुझ्या तोंडानं सांग. वाटी मी तिच्याच उशाशी ठेवून आले आहे. गाठ सोडू नकोस.

तुझीच, तू म्हणशील तर,
पद्मिन

ता. क. हे पत्र घेऊन मी आज सकाळच्या गाडीनं गावी जाऊन आले. खाली आबांचा अंगठा आहे. या वेळी काय लिहिलं आहे ते मी त्यांना आधी दोनदा वाचून दाखवलं.